दोन स्पीडच्या ॲक्सलच्या व्हॅक्यूम नळ्या : जुन्या ट्रकवर कशा जोडायच्या

माझा ट्रक १९५१ चा शेवरोलेट, ६००० मालिकेतला दोन टनी. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका शेडमध्ये कित्येक वर्षं उभा होता, त्याआधी मका आणि सोयाबीन वाहत होता. मी तो घेतला तेव्हा कॅबमधली हाय-लोची गुंडी (मागच्या ॲक्सलचे दोन गियर, हाय आणि लो, बदलणारी) छान वर-खाली व्हायची, मागचा ॲक्सल मात्र ढिम्म. खाली सरपटत जाऊन पाहिलं तर ॲक्सलवरच्या गोल डब्याला एकच नळी होती. दुसऱ्या तोंडात कुणीतरी लाकडाची खुंटी ठोकून ठेवली होती.

अशा वेळी सगळे आधी नळ्यांची आकृती शोधतात. मीही शोधली. तीन मिळाल्या आणि तिन्ही वेगळ्या. त्यात नवल नाही. ईटन कंपनीचे हे ॲक्सल शेवरोलेट, फोर्ड, इंटरनॅशनल असे अनेकजण वापरायचे आणि नळ्या ज्याच्या त्याच्या सोयीने फिरवायचे. त्यावर सत्तर वर्षांची शेतकऱ्यांची जुगाडं. म्हणून मी आकृती बाजूला ठेवली आणि हातपंप घेऊन एकेक भाग सुटा तपासला. कुठली नळी कुठे जाते हे ट्रकच सांगतो, फक्त त्याला नीट क्रमाने विचारावं लागतं. खाली तोच क्रम आहे.

आत चालतं काय

एवढं कळलं तर पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून इथे जरा थांबू.

साध्या डिफरन्शियलमध्ये (इंजिनची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारी पेटी, थोडक्यात डिफ) क्राऊन व्हील, म्हणजे शाफ्टने फिरणारं मोठं दातेरी चाक, थेट डिफच्या पिंजऱ्याला बोल्ट केलेलं असतं. दोन स्पीडच्या ॲक्सलमध्ये त्या दोघांच्या मधे ग्रहमालेसारखा गियरसंच बसवलेला असतो: मधे सूर्य-गियर, त्याभोवती फिरणारे छोटे गियर. सूर्य-गियर सरकता असतो. तो एका बाजूला सरकला की सगळा संच एकमेकांत अडकून एकत्र फिरतो. हा हाय. दुसऱ्या बाजूला सरकला की तो ॲक्सलच्या हाउसिंगला धरला जातो, छोटे गियर त्याच्याभोवती चालत राहतात आणि वेग आणखी कमी होतो. हा लो. नेहमी आढळणारी रेशोंची (चाकांच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) एक जोडी ६.३३ आणि ८.८१ अशी आहे, म्हणजे लोमध्ये साधारण १.३९ पट जास्त ताकद आणि तितकाच कमी वेग. चार गियरच्या ट्रकला हातात आठ मिळतात.

सूर्य-गियर सरकवायला एक फोर्क असतो आणि फोर्कला हलवतो तो ॲक्सलवरचा गोल डबा. डब्यात मधोमध रबरी कापडाचा पडदा, पडद्याला दांडा, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक नळी. एका बाजूची हवा इंजिन ओढून घेतं, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि तीच हवा पडदा ढकलते. १८ सेंटिमीटर व्यासाचा पडदा धरला आणि व्हॅक्यूम १८ इंच पारा (गेजवरचं ओढीचं माप) असला, तर जोर दीडशे किलोच्या वर जातो. वायपर ओढणाऱ्या व्हॅक्यूमने ॲक्सल कसा हलेल असं वाटतं खरं, पण क्षेत्रफळ काम करतं.

नळ्यांचा संसार एवढाच: इंजिनच्या इनटेक मॅनिफोल्डपासून (सिलिंडरकडे हवा नेणारा पाइप) एक नळी निघते, वाटेत एकाच दिशेने जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह, मग साठ्याची टाकी, मग कॅबमधल्या गुंडीला केबलने जोडलेला कंट्रोल व्हॉल्व्ह, आणि त्या व्हॉल्व्हपासून मागच्या डब्याकडे दोन नळ्या. काही ट्रकांत स्पीडोमीटरच्या केबलवर एक छोटी गियरपेटी असते, लो टाकला की काटा चुकू नये म्हणून. तिलाही यातलीच एखादी फांदी जाते.

हात लावण्याआधी

अशा मोठ्या ट्रकांत हँडब्रेक पुष्कळदा चाकांवर नसतो, गियरबॉक्सच्या मागे प्रोपेलर शाफ्टवर (गियरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर) असतो. ॲक्सल हाय आणि लोच्या मधे लटकला तर शाफ्ट आणि चाकं यांचा संबंधच तुटतो. मग हँडब्रेक कितीही ओढा, गाडी पहिल्या गियरमध्ये टाका, ट्रक उतारावर चालू लागतो. व्हॅक्यूमचं काम करताना ॲक्सल असा मधे लटकणं अगदी सहज घडतं. म्हणून सपाट जागा, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून भक्कम ठोकळे, आणि जॅकवर विसंबायचं नाही, ॲक्सलखाली घोडी (लोखंडी स्टँड) लावायची. यात कंजुषी नको.

हत्यारं फार लागत नाहीत: गेज असलेला हाताचा व्हॅक्यूम पंप, सुटं व्हॅक्यूम गेज आणि एक टी (तीन तोंडांचा जोड), खडू, दोन रंगांची चिकटपट्टी, नळीच्या क्लिपा आणि फूटभर रबरी नळीचा तुकडा (तो कानाला लावायला आहे, पुढे येईल).

डबा जिवंत आहे का?

दोन्ही जुन्या नळ्या काढा. तोंडं फडक्याने पुसा. नळीत किंवा डब्याच्या तोंडात गियर ऑइल सापडलं तर दांड्याचं सील गेलेलं आहे. तसंच जोडलं तर इंजिन ते तेल ओढून जाळत बसेल, म्हणून आधी सील.

आता हातपंप एका तोंडाला लावा, दुसरं उघडं ठेवा, आणि १५ इंचांपर्यंत ओढा. काटा तिथे टिकला पाहिजे. मी एक मिनिट घड्याळ बघतो. काटा डोळ्यांदेखत पडत असेल तर पडदा फाटलेला किंवा डब्याची कड सैल. मग तेच दुसऱ्या तोंडाला करा. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. माझ्या डब्यात एक बाजू झकास होती आणि दुसरी चाळणीसारखी. आधीच्या मालकाने ती खुंटी का ठोकली ते तेव्हा कळलं: गळती त्याच्या इंजिनला छळत होती आणि त्याने हाय-लोचा नाद सोडून दिला होता. पडदा बदलल्यावर खुंटीची गरज उरली नाही.

हाय कुठला आणि लो कुठला

मागचं फक्त एक बाजूचं चाक उचला, दुसरी बाजू जमिनीवर राहू द्या आणि तिलाही ठोकळे लावा. गियर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. तो शाफ्टवर असल्यामुळे लावलेला असेल तर शाफ्ट फिरणारच नाही. प्रोपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची एकेक रेघ मारा.

पंप एका तोंडाला लावून १५ इंच ओढा आणि शाफ्ट हाताने थोडा मागे-पुढे हलवा. दातासमोर दात आला असेल तर नुसत्या ओढीने गियर बसत नाही, हलवल्यावर ‘टक’ असा आवाज येतो. आता उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. दोन फेरे अशासाठी की एक चाक जमिनीला धरलेलं असताना डिफचा पिंजरा चाकाच्या निम्म्याच वेगाने फिरतो. चाकाचे दोन म्हणजे पिंजऱ्याचा एक, आणि शाफ्टचे फेरे म्हणजे थेट तुमचं रेशो. सहाच्या थोडं पुढे आलं तर हाय. पावणेनऊच्या आसपास आलं तर लो. तुमच्या ॲक्सलचे आकडे वेगळे असतील, पण दोन मापांतला फरक इतका ठळक असतो की चुकायचं म्हटलं तरी चुकत नाही. चाक फिरतंय आणि शाफ्ट जागचा हलत नाही, असं झालं तर ॲक्सल मधे लटकला आहे. पुन्हा ओढा, पुन्हा हलवा.

पंप दुसऱ्या तोंडावर नेऊन तेच करा. ज्या तोंडाला ओढ दिल्यावर लो लागतो त्याला मी लाल पट्टी गुंडाळतो, दुसऱ्याला पांढरी. ही पट्टी म्हणजे तुमची आकृती. कुठल्याही पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ती तुमच्या ट्रकला जास्त लागू आहे.

कंट्रोल व्हॉल्व्ह

व्हॉल्व्हला तीन नळ्यांची तोंडं असतात आणि शिवाय हवा आत घ्यायची एक वाट, बहुतेकदा लहानशा जाळीची किंवा नमद्याच्या फिल्टरची. ती वाट चौथं तोंड समजून कुणीतरी बंद केलेली असते, असं मी दोन ट्रकांत पाहिलं आहे. ती बंद केली की पडद्याच्या दुसऱ्या बाजूला हवाच शिरत नाही. दोन्हीकडे ओढ, मग पडदा कोणाकडे जाणार?

केबल सोडून व्हॉल्व्ह हाताने सरकवा. जिथून इंजिनची ओढ येते त्या तोंडाला पंप लावा आणि उरलेल्या दोन तोंडांवर एकेक बोट ठेवा. एका टोकाला व्हॉल्व्ह असताना एक बोट ओढलं गेलं पाहिजे आणि दुसऱ्या तोंडातून मोकळी हवा जायला हवी. व्हॉल्व्ह दुसऱ्या टोकाला नेला की उलट. दोन्ही बोटं ओढली जात असतील किंवा एकही नाही, तर व्हॉल्व्ह उघडून रॉकेलने धुवा, सुकवा, हलक्या तेलाचा थेंब द्या. ग्रीस भरू नका. थंडीत ते घट्ट होतं आणि धूळ धरून ठेवतं.

तीनपैकी पुरवठ्याचं तोंड कुठलं हे माहीत नसेल तर पंप आळीपाळीने तिन्हींना लावून पाहा. ज्याला लावल्यावर ओढ व्हॉल्व्हच्या जागेनुसार एकदा या तोंडात, एकदा त्या तोंडात जाते, ते पुरवठ्याचं.

मग केबल जोडा आणि गुंडी वर-खाली करून व्हॉल्व्ह दोन्ही टोकांना पुरता टेकतो का बघा. केबलचं बाहेरचं आवरण क्लॅम्पमध्ये सरकत असेल तर व्हॉल्व्ह मधेच राहतो आणि ॲक्सल कधी लागतो कधी नाही. नळ्यांवर आळ घेण्याआधी हे पाहा. निम्म्या तक्रारींचं मूळ केबलच्या या दीड इंचात असतं, असं माझं मत झालं आहे.

चेक व्हॉल्व्ह आणि टाकी

रेस पूर्ण दिली की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो. आणि चढणीवर, भरलेल्या ट्रकात, नेमका तेव्हाच लो हवा असतो. टाकी आहे ती त्यासाठी. निष्क्रिय वेगावर (रेस न देता) चांगलं इंजिन समुद्रसपाटीजवळ १७ ते २१ इंच देतं. ते टाकीत साठतं आणि चेक व्हॉल्व्ह ते परत इंजिनात निसटू देत नाही.

चेक व्हॉल्व्ह साफ करून तोंडाने फुंका. हवा फक्त इंजिनच्या दिशेने गेली पाहिजे. बाण कोरलेला असला तर तो इंजिनकडे. उलटा बसवला तर टाकी कायम रिकामी आणि दिवसभर डोकं खाजवणं. टाकीला पंप लावून १५ इंच ओढा आणि चहा पिऊन या. टाकीच्या तळाला गंज खाल्लेला असतो, विशेषतः हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत. बारीक छिद्र सोल्डरने बुजवता येतं, पण पत्रा बोटाने दबत असेल तर टाकी बदला.

इथेच ब्रेकचंही बघा. या ट्रकांत हायड्रोव्हॅक बूस्टर (ब्रेक दाबायला व्हॅक्यूमची मदत देणारा) असतो आणि तो त्याच मॅनिफोल्डची ओढ वापरतो. ब्रेकला स्वतःचा चेक व्हॉल्व्ह आणि स्वतःची वाट हवी. एकाच नळीवर टी टाकून दोघांचं भागवलेलं असेल तर ॲक्सलची एक फाटलेली नळी तुमचा ब्रेक जड करून टाकेल. ते आधी वेगळं करा. हाय-लो नसलं तरी घरी येता येतं.

नळ्या

लांबचा पल्ला स्टीलच्या नळीने, चासीच्या कडेने. रबर फक्त जिथे हालचाल आहे तिथे: इंजिनपाशी, आणि चासीवरून ॲक्सलवर उतरताना. पाण्याच्या हीटरची नळी लावू नका. ती बाहेर ढकलणारा दाब सोसते, आत ओढणारा नाही, आणि इंजिनच्या उष्णतेने मऊ झाली की आतून चपटी होते. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि आतून वाट बंद. व्हॅक्यूमसाठीच केलेली जाड भिंतीची नळी घ्या, तोंडाच्या मापाचीच. सैल नळीवर क्लिप आवळून भागत नाही.

ॲक्सलवर उतरणाऱ्या दोन नळ्यांना ढील ठेवा. घोडी ॲक्सलखाली न लावता चासीखाली लावून मागचा भाग उचलला तर ॲक्सल खाली लोंबतो. त्या स्थितीत नळी ताणली जाता कामा नये. पण इतकी ढीलही नको की ती शाफ्टला किंवा सायलेन्सरच्या पाइपला घासेल. नळी वाटेत पोटासारखी खाली झुकू देऊ नका, तिथे पाणी साचतं आणि थंडीत गोठतं. आयोवाच्या जानेवारीत बर्फाने बंद झालेली नळी मी उघडली आहे.

पितळी जोडांच्या आट्यांना पातळ सीलंट लावा. टेफ्लॉनची पट्टी मी टाळतो, तिचा तुकडा सुटून व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो.

आता जोडणी. मॅनिफोल्ड, चेक व्हॉल्व्ह, टाकी, व्हॉल्व्हचं पुरवठ्याचं तोंड, या क्रमाने. मग कॅबमधल्या गुंडीची पाटी वाचा. बहुतेक ट्रकांत वर हाय आणि खाली लो. गुंडी खाली करा. व्हॉल्व्हच्या ज्या तोंडात आता ओढ आहे त्याची नळी मागे लाल पट्टीच्या तोंडाला. उरलेली पांढऱ्याला. स्पीडोमीटरची पेटी असेल तर ती आत्ता बंद ठेवा. ॲक्सल नीट लागायला लागला की मग तिची फांदी जोडा, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट नवी असते.

इंजिन चालू करून

टाकीजवळ टी टाकून गेज लावा आणि इंजिन सुरू करा. काटा १८ च्या आसपास येऊन स्थिर राहायला हवा. तुम्ही उंचावर राहत असाल तर दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरा. पाच हजार फुटांवरच्या डेन्व्हर शहरात १३-१४ दिसले तर इंजिन आजारी नाही. इंजिन बंद करा. काटा हळूहळू उतरला तर चालेल, धप्पकन पडला तर गळती आहे.

गळती शोधायला साबणाचं पाणी उपयोगी नाही, कारण इथे हवा आत जाते, बुडबुडा येत नाही. फूटभर नळीचा तुकडा एका कानाला लावा आणि दुसरं टोक एकेका जोडावरून फिरवा. ‘स्स्स’ ऐकू आलं की सापडली. किंवा निष्क्रिय वेगावर एकेक नळी चिमटून पाहा. जिथे चिमटल्यावर इंजिनचा सूर सुधारतो, गळती तिथून पुढे आहे. कार्ब्युरेटर क्लीनर फवारून शोधायची युक्ती या इंजिनावर करू नका. शेवरोलेटच्या सहा सिलिंडरी इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एकमेकांना बोल्ट केलेले असतात. फवारा सरळ तापलेल्या लोखंडावर जातो.

रस्त्यावर

रिकामा ट्रक, सपाट आणि मोकळा रस्ता. लोमध्ये निघा. हायसाठी: रेस दाबलेलीच ठेवून गुंडी वर करा. काही होणार नाही, आणि होऊ नयेच. पडदा ओढून तयार उभा असतो, पण दातांवर ताकद असेपर्यंत गियर सुटत नाही. आता रेस सोडा, एक श्वास थांबा, पुन्हा हळू द्या. हाय लागलेला असेल.

हायमधून लोसाठी: रेस देत असतानाच गुंडी खाली, मग क्लच झटकन दाबून सोडा किंवा रेस क्षणभर सोडून लगेच द्या. इथे थांबायचं नाही. इंजिनला वेग वाढवून दातांना गाठायचं असतं. चढणीवर ट्रक दमण्याआधी हे करा, दमल्यावर नाही.

उतारावर हाय-लो बदलू नका. मधे लटकला तर इंजिनचा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकवर.

गुंडी वर केल्यावर लो लागत असेल तर मागच्या दोन नळ्या उलट झाल्या आहेत, अदलाबदल करा. यंत्राचं त्याने काही बिघडत नाही, पण ट्रक दुसरा कुणी चालवायला बसला तर घाटात फसेल. एकच बाजू लागते आणि दुसरी नाही, तर त्या बाजूची नळी चपटी, गोठलेली किंवा पडदा एकीकडून गळका. लागतो पण फार उशिरा, तर हवा आत घ्यायची जाळी धुळीने भरली आहे. चढणीवर लागत नाही आणि सपाटीला लागतो, तर चेक व्हॉल्व्ह टाकी राखत नाही. कधी लागतो कधी नाही, तर परत केबलकडे.

माझ्या ट्रकाची खुंटी मी टाकली नाही. कॅबमधल्या खणात आहे, पान्यांच्या शेजारी.